चार रंगांची अट: ब्राझीलच्या पिवळ्या जर्सीचं प्रकरण

हिरवा, पिवळा, निळा, पांढरा. चारही रंग वापरायचे, एकही गाळायचा नाही.

१९५३ साली रिओ दि जानेरोच्या ‘कोरेइयो दा मान्या’ या दैनिकानं ब्राझीलच्या फुटबॉल संघाला नवा पोशाख हवा म्हणून स्पर्धा जाहीर केली, तेव्हा तिची मुख्य अट ही होती. देशाच्या झेंड्यात जे रंग आहेत ते सगळे खेळाडूच्या अंगावर दिसले पाहिजेत. वाचायला सोपी, कागदावर उतरवायला बसलं की घाम फोडणारी अट. ज्यांनी कधी आपल्या तालमीच्या किंवा कॉलेजच्या संघाचा शर्ट ठरवायला डोकं लावलंय त्यांना हे लगेच कळेल. दोन रंग जमतात. तिसरा कॉलरला, बाहीला ढकलता येतो. चौथा आला की सगळ्याची गोधडी होते.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला शर्टाच्या रंगाचं महत्त्व वेगळं समजवावं लागत नाही. इथं तालमीचा रंग आधी कळतो, खेळाचे नियम मागाहून. आणि विश्वचषक आला की पेठापेठांतून जे झेंडे लागतात त्यांत ब्राझीलचा असतोच. त्या पिवळ्या शर्टावर लहानपणापासून जीव असल्यामुळे तो कुठून आला हे मी शोधत गेलो. समोर आलं ते एका पोशाखाच्या जन्माचं इतकं सरळ, तपासून बघता येईल असं प्रकरण, की ते नीट मांडावंसं वाटलं.

आधीचा शर्ट आणि १६ जुलै १९५०

ब्राझीलचा संघ पहिल्यापासून पिवळा नव्हता. १९१४ साली रिओत इंग्लंडच्या एक्सेटर सिटी क्लबविरुद्ध खेळलेला सामना हा राष्ट्रीय संघाचा पहिला सामना मानतात. तेव्हा अंगावर पांढरा शर्ट होता. १९१९ मध्ये घरच्या मैदानावर दक्षिण अमेरिकेचं विजेतेपद मिळवलं तेही पांढऱ्यात. पुढची तीसेक वर्षं निळ्या कॉलरचा पांढरा शर्ट हाच ब्राझीलचा शर्ट होता आणि त्याबद्दल फार कुणाची तक्रार नव्हती.

मग १९५० चा विश्वचषक ब्राझीलमध्येच झाला. त्या वर्षी अंतिम सामना असा नव्हता. चार संघांचा शेवटचा गट होता. त्यात ब्राझीलनं स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असं लोळवलं होतं. शेवटचा सामना उरुग्वेशी, रिओच्या माराकाना मैदानावर, आणि विजेतेपदाला बरोबरीही पुरणार होती. तिकीट काढून आलेलेच १ लाख ७३ हजारांच्या वर होते. दुसरा अर्धा सुरू होताच फ्रियासानं गोल केला. त्यानंतर स्कियाफिनोनं बरोबरी साधली, आणि सामना संपायला अकरा मिनिटं असताना गिजियानं उजवीकडून घुसून, गोली बार्बोझा आणि जवळचा खांब यांच्यामधल्या फटीतून चेंडू आत घातला. १-२.

त्या दिवसाबद्दल खूप लिहिलं गेलंय. इथं आपल्या कामाचं आहे ते त्यानंतरचं. दोष कुणाच्या तरी माथी मारायचा होता. तो मारला गेला बार्बोझा, बिगोदे आणि जुवेनाल या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंवर. बार्बोझा २००० साली वारला. ब्राझीलमध्ये सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे, मी मात्र त्याहून कितीतरी जास्त भोगतोय, असं तो म्हातारपणी म्हणायचा. एका चेंडूसाठी माणसाला जन्मभर असं वागवणं हा या गोष्टीतला सर्वांत काळा भाग आहे, आणि पिवळ्या शर्टाचं कौतुक करताना तो वगळणं मला पटत नाही.

चौथा आरोपी शर्ट होता. पांढऱ्या रंगात देश दिसत नाही, त्यात झेंड्याशी नातं नाही, अशी टीका सुरू झाली. खरं बघायला गेलं तर शर्टाचा काही गुन्हा नव्हता. त्याच पांढऱ्या शर्टात आदल्या दोन सामन्यांत तेरा गोल झाले होते. आणि पराभवानंतर लगेच तो उतरवला असंही नाही. १९५२ मध्ये चिलीत झालेली पॅन-अमेरिकन स्पर्धा ब्राझीलनं जिंकली तेव्हाही संघ पांढऱ्यातच होता. पण दुःख एकदा एखाद्या वस्तूला चिकटलं की हिशेबानं सुटत नाही. १९५३ च्या दक्षिण अमेरिकी स्पर्धेत पेराग्वेकडून शेवटचा सामना हरल्यावर बदलाला जोर आला आणि वर्तमानपत्रानं ब्राझीलच्या क्रीडा महासंघाची परवानगी घेऊन स्पर्धा काढली.

पूल ओलांडला की परका देश

ही स्पर्धा जिंकणारा आल्डिर गार्सिया श्ली तेव्हा एकोणीस वर्षांचा. जन्म जाग्वाराँवचा. हे गाव ब्राझीलच्या दक्षिण टोकाला, नदीकाठी. पूल ओलांडला की पलीकडचं रिओ ब्रांको हे गाव उरुग्वेचं. एका काठावर पोर्तुगीज, दुसऱ्या काठावर स्पॅनिश, आणि मुलांना दोन्ही येतात. बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना अशा बालपणाची कल्पना आणून द्यायला नको.

१६ जुलै १९५० ला हा पंधरा वर्षांचा मुलगा पलीकडच्या गावी सिनेमा बघायला गेला होता. पुढे त्यानं सांगितलेली आठवण अशी की मधेच चित्रपट थांबला, दिवे लागले आणि उरुग्वे जगज्जेता झाल्याची घोषणा झाली. थिएटरमधली माणसं उभी राहिली आणि राष्ट्रगीत म्हणू लागली. ब्राझीलच्या सर्वांत मोठ्या सुतकाची बातमी त्याला अशी, आनंदाच्या गर्दीत उभं असताना मिळाली. आणि तो स्वतः मनानं उरुग्वेच्या बाजूचा होता. हे त्यानं कधी लपवलं नाही.

१९५३ मध्ये तो पेलोटास शहरात राहत होता आणि तिथल्या वर्तमानपत्रासाठी चित्रं काढत होता. त्यात फुटबॉलची रेखाटनं असायची, गोल कसा झाला ते दाखवणारी. म्हणजे मैदानावरचा खेळाडू कागदावर कसा दिसतो याचा हात त्याला बसलेला होता. माझ्या मते जिंकण्याचं अर्धं कारण इथं आहे. स्पर्धेला तीनशेच्या आसपास प्रवेशिका आल्या. झेंड्याचा विचार त्यांत बहुतेकांनी केला असेल. धावणाऱ्या माणसाचा विचार रोज करणारे थोडेच असणार.

अट कशी सुटली

त्यानं शंभराहून जास्त रेखाटनं केली. पट्टे, फुल्या, आडवे-उभे भाग, सगळं करून झालं. अडचण कुठं येते ते कागद घेऊन कुणीही पाहावं. झेंड्यावर सर्वांत जास्त जागा हिरव्याची, त्यावर पिवळा चौकट आकार, त्यात निळं वर्तुळ आणि वर्तुळावरून जाणारी पांढरी पट्टी. रंग एकमेकांच्या पोटात बसवले आहेत, म्हणून झेंडा शोभतो. शर्टावर तसं पोटात बसवायचं म्हटलं की छातीवर झेंडाच चिकटवल्यासारखं होतं. शिवाय पिवळा आणि पांढरा शेजारी आले की दोघेही फिके पडतात, आणि ते दोनच रंग एकत्र आले तर तो पोपचा, व्हॅटिकनचा झेंडा होतो. ही अडचण श्लीनं स्वतः सांगितली होती.

त्याचा उपाय असा. शर्टाला दोनच रंग: अंग पिवळं, कॉलर आणि बाह्यांचे काठ हिरवे. उरलेले दोन कमरेखाली: चड्डी निळी, तिच्या बाजूला पांढरी उभी पट्टी. मोजे पांढरे, वर हिरव्या-पिवळ्याची किनार. झालं.

यात मला दोन गोष्टी फार मोठ्या वाटतात. पहिली, त्यानं झेंड्यातलं मापाचं प्रमाण उलटं केलं. झेंड्यात हिरवं मोठं, इथं पिवळं मोठं. हिरव्या गवतावर हिरवा शर्ट विरून गेला असता. पिवळा वर उठून येतो. त्यातून शेजारपाजारचे रंग आधीच वाटले गेले होते. उरुग्वेचा आकाशी, अर्जेंटिनाचे आकाशी-पांढरे पट्टे, चिलीचा लाल, पेराग्वेचे लाल-पांढरे पट्टे, पेरूचा पांढऱ्यावर लाल तिरका पट्टा. या दादा संघांत पिवळ्याची जागा मोकळी होती.

दुसरी गोष्ट जरा हळवी आहे. जुन्या शर्टाचे रंग कोणते होते? पांढरा आणि निळा. नव्या पोशाखात ते दोन्ही आहेत, फक्त खाली उतरून चड्डीत आणि मोज्यांत बसलेत. बदनाम झालेला पोशाख टाकून दिलेला नाही, त्याला नवीन घरात जागा दिलेली आहे. श्लीच्या मनात हे होतं की नाही, मी सांगणार नाही. पण चित्राकडे बघताना मला ते दिसतं आणि आता दिसायचं थांबत नाही.

बक्षीस म्हणून पैसे मिळाले आणि रिओत त्या दैनिकात काम करायची संधी मिळाली. १९५४ च्या सुरुवातीला चिलीविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्यांपासून नवा पोशाख मैदानावर आला. गेराल्दो जोसे दि आल्मेदा या रेडिओ समालोचकानं संघाला ‘कनारिन्यो’, म्हणजे छोटी कॅनरी, हे नाव दिलं आणि ते रुजलं.

रंगाला यश कधी चिकटलं

इथं बऱ्याच ठिकाणी गोष्ट झटपट आटोपली जाते: शर्ट बदलला, नशीब बदललं, विश्वचषक आला. तसं झालं नाही. १९५४ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत हंगेरीनं ४-२ नं घरी पाठवलं. बर्नमधल्या त्या सामन्यात मारामारी झाली, तीन खेळाडू बाहेर काढले गेले. पिवळ्या शर्टाचा पहिला विश्वचषक असा गेला.

आणि १९५८ मध्ये पहिलं जगज्जेतेपद आलं तेव्हा अंगावर पिवळा नव्हताच! अंतिम सामना यजमान स्वीडनशी, त्यांचाही शर्ट पिवळा. ब्राझीलला बदलणं भाग पडलं. पांढरा घालायचा म्हटलं तर आठ वर्षांपूर्वीची भुतं उभी राहणार. तेव्हा पथकाचे प्रमुख पावलो मशादो दि कार्वाल्यो यांनी खेळाडूंना सांगितलं, आपण निळा घालू, निळा आपारेसिदाच्या माउलीच्या शालीचा रंग आहे. ती ब्राझीलची संरक्षक देवता. निळे शर्ट स्टॉकहोममध्ये विकत आणले आणि पिवळ्या शर्टांवरची बोधचिन्हं उसवून त्यांवर शिवली, असं सांगतात. २९ जून १९५८, ५-२. सतरा वर्षांच्या पेलेचे दोन गोल. ब्राझीलचा दुसरा शर्ट आजही निळा आहे, त्याचं मूळ इथं.

त्याच स्पर्धेतला आणखी एक प्रकार पोशाखाच्या गोष्टीत यायलाच हवा. ब्राझीलनं खेळाडूंचे क्रमांक कळवलेच नव्हते, ते परस्पर लावले गेले. म्हणून गोली जिल्मारच्या पाठीवर ३ होता. आणि पेलेला १० मिळाला, कुणाच्याही योजनेशिवाय. त्यानंतर जगातल्या प्रत्येक गल्लीत पोरं १० नंबरसाठी भांडली, आमच्या पेठेतही.

पिवळ्यात पहिलं जगज्जेतेपद आलं १९६२ मध्ये, सांतियागोत, चेकोस्लोव्हाकियाला ३-१ हरवून. पण तेव्हाही बाहेरच्या जगानं तो रंग पाहिला कुठं? छायाचित्रं कृष्णधवल, चित्रफिती कृष्णधवल, पिवळा म्हणजे फिकट राखाडी. चित्र बदललं १९७० मध्ये. मेक्सिकोचा विश्वचषक रंगीत प्रक्षेपणाचा पहिला. दुपारचं लख्ख ऊन, हिरवं गवत, आणि त्यावर पिवळे शर्ट. आझ्टेका मैदानावर इटलीला ४-१. शेवटचा गोल कार्लोस आल्बेर्तोचा, डावीकडून फिरत फिरत आलेल्या चेंडूवर. श्लीचं चित्र लोकांना खऱ्या अर्थानं दिसलं ते त्या दिवशी, काढल्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी. आपल्याकडे दूरदर्शनला रंग यायला १९८२ उजाडलं, त्यामुळे आपल्या आधीच्या पिढीनं तो पिवळा मनातच रंगवला असणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की या प्रकरणातलं खरं शहाणपण स्पर्धा घेण्यात जितकं होतं त्याहून जास्त नंतर हात न लावण्यात होतं. १९५४ ला हरले तेव्हा पुन्हा शर्ट बदलता आला असता. कारण तयार होतं, सवय लागलेली होती. १९६६ मध्ये तर पहिल्या फेरीतच बाहेर पडले. तरी महासंघानं चित्र तसंच ठेवलं. खेळाडूंच्या पिढ्या त्यातून गेल्या आणि मग रंगाला अर्थ आला.

कंपन्या आल्या तरी

सत्तरच्या दशकात बराच काळ आथलेता या ब्राझीलच्याच कंपनीचे सुती शर्ट होते. नंतर आदिदास, मग टॉपर, मग अंब्रो, आणि १९९६ च्या करारापासून नायकी. दहा वर्षांचा, १६ कोटी डॉलरचा तो करार इतका गाजला की पुढे ब्राझीलच्या संसदेनं चौकशी लावली. कंपन्यांनी काय काय केलं बघा: १९७० चा गोल गळा, १९८२ च्या बोधचिन्हात कॉफीची डहाळी, १९९४ च्या कापडात विणलेली मोठी बोधचिन्हं, २००२ मध्ये कुशीला हिरव्या पट्ट्या. १९८२ चा शर्ट मला सर्वांत आवडतो, आणि त्याचं कारण कापडात कमी, तो घालून खेळलेल्या झिको-सोक्रातिस या माणसांत जास्त आहे. तोच झिको पुढं २०१४ ते २०१६ एफसी गोवाचा प्रशिक्षक होता. फातोर्ड्याला त्याला हात करायला आलेल्या गोंयकारांत पिवळे शर्ट घालणारे कमी नव्हते.

महिला संघाची बाजू मात्र लाजिरवाणी आहे. मार्ता आणि तिच्या सहकारी वर्षानुवर्षं पुरुषांच्या मापावरून बेतलेले शर्ट घालून खेळल्या. त्यांच्यासाठी म्हणून वेगळा आखलेला पोशाख आला २०१९ च्या विश्वचषकाला. छातीवरचे पुरुषांच्या विजेतेपदांचे पाच तारे त्यानंतर काढले गेले. बायकांनी स्वतःच्या खेळानं मिळवलेल्या गोष्टी स्वतःच्या शर्टावर मिरवाव्यात, हे इतक्या उशिरा सुचावं?

शर्ट कुणाचा

पांढऱ्यावरचा आक्षेप होता की त्यात देश दिसत नाही. पिवळ्यात देश इतका दिसू लागला की राजकारणालाही तो हवासा झाला. १९७० चं विजेतेपद लष्करी राजवटीनं आपल्या प्रचारासाठी वापरलं. २०१५-१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष दिल्मा रूसेफ यांच्याविरुद्धच्या मोर्चांत लोक हाच शर्ट घालून आले. पुढे बोल्सोनारो यांच्या समर्थकांचा तो जणू गणवेश झाला. ८ जानेवारी २०२३ ला ब्राझिलियात संसद, न्यायालय आणि राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय फोडणाऱ्या जमावात पिवळे शर्ट होते. विरोधी मताच्या अनेक ब्राझीलवासीयांनी आपला शर्ट कपाटात ठेवून दिला. सामना बघायला घालायचा की नाही, शेजारी काय समजतील, असा प्रश्न पडू लागला. पांढऱ्याकडे परत जावं असंही काही जण म्हणाले.

पांढरा परत आलाही, पण पाहुणा म्हणून. १४ जून २०१९, साओ पावलो, कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकी स्पर्धेचा पहिला सामना बोलिव्हियाशी. १९१९ च्या विजेतेपदाच्या शताब्दीनिमित्त संघ पांढऱ्या शर्टात उतरला आणि ३-० नं जिंकला. २०२३ मध्ये बार्सिलोनात गिनीविरुद्ध पहिला अर्धा काळ्या शर्टात खेळले. स्पेनमध्ये ब्राझीलच्या विनिसियस या खेळाडूला जे वंशद्वेषी हिणवणं सहन करावं लागत होतं त्याचा तो निषेध होता. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये दुसरा शर्ट लाल होणार अशा बातम्या फुटल्या तेव्हा देशभर गदारोळ उठला. लाल झेंड्यात नाही आणि तो डाव्या पक्षाचा रंग, अशा दोन्ही बाजूंनी लोक तुटून पडले. महासंघाच्या नियमावलीतच लिहिलंय की रंग झेंड्याचे असावेत, खास प्रसंगाचा अपवाद वेगळा. महासंघानं पिवळा आणि निळाच राहील असं सांगितलं. १९५३ ची ती अट अजून लागू आहे.

श्लीचं काय झालं? रिओत राष्ट्रीय संघातल्या काही खेळाडूंचं वागणं जवळून बघून तो निराश झाला आणि दक्षिणेला परतला. कायदा शिकवला, सीमाभागातल्या माणसांच्या कथा लिहिल्या, पोर्तुगीजमध्ये आणि स्पॅनिशमध्येही. लष्करी राजवटीत त्याला अटक झाली. ज्या राजवटीनं १९७० चा शर्ट मिरवला तिनं तो शर्ट काढणाऱ्याला कोठडीत टाकलं, हे मी कितीदा वाचलं तरी अंगावर येतं. उरुग्वेवरची त्याची माया शेवटपर्यंत होती.

१५ नोव्हेंबर २०१८ ला तो पेलोटासमध्ये गेला, चौऱ्याऐंशी पुरी व्हायला एक आठवडा असताना. दुसऱ्या दिवशी लंडनमध्ये ब्राझील आणि उरुग्वे मैत्रीपूर्ण सामन्यासाठी समोरासमोर आले. नेमारच्या पेनल्टीवर ब्राझील १-० नं जिंकला.